एकाच माडावरचे दोन भुंगे: गेंड्या आणि सोंड्या

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही पुढचं कळेल. गुहागरजवळ तुमची माडांची बाग आहे. नारळ पाडायला येणारा पाडेली अधूनमधून शेंड्यातून एक काळा, शिंगवाला भुंगा काढून देतो. गेल्या महिन्यात एक चांगला फळता माड शेंड्यात मोडून पडला. तो चिरला तेव्हा गाभ्यात तांबूस, लांब सोंडेचे भुंगे, काथ्याच्या लांबट गाठी आणि गलेलठ्ठ पांढऱ्या अळ्या निघाल्या. त्याचं खोड बांधावर पडून आहे, आणि धाकट्या माडांच्या झावळ्याही कापल्यासारख्या दिसतात. हे दोन एकाच जातीचे नर-मादी आहेत का, नसतील तर एकाच झाडावर इतके वेगळे भुंगे कसे, आणि एका औषधात दोघांचा बंदोबस्त होईल का, असं तुम्ही विचारलंय.

नर-मादी नाहीत. जात वेगळी, कूळही वेगळं. काळा तो गेंड्या भुंगा, ओरिक्टिस ऱ्हायनोसेरॉस. शेणातले भुंगे आणि उसाची हुमणी ज्या कुळातली, त्याच कुळातला. तांबूस तो सोंड्या भुंगा, ऱ्हिंकोफोरस फेरुजिनियस. तांदळाच्या डब्यात निघणाऱ्या सोंडकिड्याचा हा आकाराने कितीतरी मोठा भाऊबंद. आणि एका औषधात दोघं आटोपत नाहीत. ते का, हे कळायला भुंग्याचं शिंग किंवा सोंड बघत बसू नका, त्याची अळी कुठे वाढते ते बघा. गेंड्याची अळी मेलेल्या, कुजलेल्या वस्तूत वाढते आणि मोठा झालेला भुंगा जिवंत माडावर फक्त खायला येतो. सोंड्याची अळी जिवंत माडाच्या पोटातच जन्मते, तिथेच खाते, तिथेच कोष करते. दोघांच्या अंगाची ठेवण, वासाच्या खुणा, त्यांनी जगभर केलेला प्रवास आणि आपले उपाय, सगळं या एका फरकातून निघतं.

गेंड्यापासून सुरू करू. मादी अंडी घालायला माडावर जात नाही. तिला शेणखताचा खड्डा लागतो, उकिरडा लागतो, कुजत पडलेलं माडाचं खोड, सोडणांचा ढीग किंवा लाकडाचा भुसा लागतो. अंडी तीन-चार मिलिमीटरची, पांढरी. आठ ते बारा दिवसांत फुटतात. अळी इंग्रजी सी अक्षरासारखी वाकडी, डोकं तपकिरी, पायांच्या तीन जोड्या, आणि पूर्ण वाढली की बोटाएवढी जाड. मागचा भाग काळपट निळसर दिसतो, कारण पातळ कातडीखालून आतड्यातलं कुजकं खाद्य दिसत असतं. अळीपण किमान तीन महिने चालतं, खाद्य निकृष्ट असेल तर सहा महिन्यांच्याही पुढे जातं. मग मातीत किंवा खोडाच्या भुश्यात पोकळी करून ती कोषात जाते. कोषातून निघालेला भुंगा लगेच उडत नाही. अंगावरचं कवच कडक होईपर्यंत दोन-तीन आठवडे त्या पोकळीतच बसून राहतो.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण कोकणात तो घरोघर आहे. शेणखत उपसताना मोठ्या पांढऱ्या अळ्या दिसल्या की लोक म्हणतात, "हुमणी झाली, आता मुळं खाणार." शेणखतातली प्रत्येक अळी हुमणी नसते आणि प्रत्येक अळी गेंड्याचीही नसते. गेंड्याची अळी जिवंत मुळांना तोंड लावत नाही. फुलभुंग्यांच्या अळ्याही खतात असतात, त्या नुसतं कुजकं खातात आणि तुमच्या माडाला त्यांच्यापासून काहीच धोका नसतो. त्या ओळखायची एक सोपी खूण आहे. अळी सपाट लादीवर ठेवा. फुलभुंग्याची अळी पाय वर करते आणि पाठीवर, केसांच्या आधाराने सरासर सरकत जाते. गेंड्याची अळी कुशीवर वाकडी पडून राहते. मुलांना दाखवा, त्यांना आवडतं.

मेलेल्या वस्तूवर जगायचं म्हणजे अन्न भरपूर पण कस कमी. लाकूड आणि शेणातला चोथा पचवायला या अळीच्या आतड्याची रचनाच निराळी आहे. मधलं आतडं तीव्र अल्कधर्मी असतं, त्यात चोथ्याची बांधणी सैल होते. पुढे मागच्या आतड्यात एक फुगीर कोठी असते, तिथे जिवाणूंची वस्ती असते आणि ते उरलेल्या सेल्युलोजचं आंबवण करतात. म्हणून अळी एवढी मोठी आणि मंद. पायही म्हणूनच लागतात. खताच्या ढिगात ओलावा कमी झाला, ऊब वाढली तर तिला जागा बदलावी लागते, खाली जावं लागतं.

मोठा भुंगा मात्र दुसऱ्याच कामासाठी घडलेला आहे. साडेतीन ते पाच सेंटिमीटर लांब, काळा-तपकिरी, चिलखतासारखं कवच. पुढच्या पायांच्या नडग्यांना बाहेरच्या बाजूने दाते. डोक्यावर मागे वळलेलं शिंग. नराचं लांब, मादीचं आखूड. पण नर-मादी शिंगावरून ठरवायला गेलात तर फसाल, कारण आखूड शिंगाचे नरही असतात. उलटा करून शेपटाकडचं टोक बघा. तिथे तांबूस केसांचा दाट झुपका असेल तर मादी. आणखी एक: पुष्कळांना वाटतं शिंगाने तो भोक पाडतो. भोक पाडतो तो जबड्याने. शिंगाचा उपयोग दोन झावळ्यांच्या बुडांमधल्या घट्ट जागेत रेटा देऊन घुसायला होतो, आणि नरांच्या झटापटीत.

रात्री तो उडत येतो, शेंड्यातल्या झावळीच्या बेचक्यात शिरतो आणि तिथून आत, न उमललेल्या सुळक्यात भोक पाडत जातो. चावून चोथा करतो, रस पितो, चोथा बाहेर ढकलतो. भोकाच्या तोंडाशी दिसणारा तो चावलेला काथ्या म्हणजे भुंगा आत असल्याची किंवा नुकताच असून गेल्याची खूण. सुळक्यात झावळीची पाती एकावर एक मिटलेली असतात. घडी घातलेल्या कागदाला एकदाच कात्री लावून तो उलगडला की दोन्हीकडे सारखी नक्षी दिसते, तसं इथे होतं. भोक एकच, पण झावळी उमलली की दोन्ही बाजूंनी इंग्रजी व्ही अक्षरासारखे किंवा पंख्यासारखे काप दिसतात. तुमच्या धाकट्या माडांवर जे कापलेलं दिसतंय ते हेच. ते आजचं नाही, झावळी सुळक्यात असतानाचं आहे, म्हणजे काही आठवड्यांपूर्वीचं. आज औषध मारून त्या कापलेल्या झावळीचं काही भलं होणार नाही. पोयीवर, म्हणजे माडाच्या फुलोऱ्यावर, हल्ला झाला तर तेवढे नारळ जातात. मोठा माड गेंड्यामुळे सहसा मरत नाही. दोन-तीन वर्षांच्या रोपाचा कोंब खाल्ला गेला तर ते रोप मात्र जातं.

खाऊन झालं की भुंगा परत उकिरड्याकडे. त्याचं चार ते नऊ महिन्यांचं आयुष्य असंच शेंडा आणि ढीग यांच्यामध्ये जातं. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडापासून सप्टेंबरपर्यंत तो जास्त दिसतो.

आता सोंड्या. त्याचं सगळंच उलट आहे.

लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास, अंग गेंड्याच्या मानाने चपटं आणि सडपातळ, रंग गंजासारखा तांबडा, छातीच्या ढालीवर काळे ठिपके. ठिपक्यांची संख्या आणि आकार प्रत्येकाचा निराळा, काही नग जवळजवळ काळेही निघतात, म्हणून रंगावर फार विसंबू नका. सोंड बघा. ती सोंड म्हणजे रस ओढायची नळी नव्हे. ते पुढे लांबलेलं डोकंच आहे, आणि त्याच्या अगदी टोकाला छोटे पण मजबूत जबडे आहेत. मिशा सोंडेच्या बुडाशी, कोपरात वाकलेल्या. भोक पाडताना त्या मागे राहतात, अडकत नाहीत. नराच्या सोंडेवर पुढच्या अर्ध्या भागात वरच्या बाजूने बारीक केसांचा ब्रश असतो. मादीची सोंड गुळगुळीत, जरा लांब आणि बारीक. म्हणजे गेंड्याचं लिंग ओळखायला शेपूट बघायचं आणि सोंड्याचं ओळखायला तोंड.

मादीची सोंड बारीक असण्याला कारण आहे. तिला जिवंत माडाच्या अंगात अंडं ठेवायचं असतं. जखम, चीर, कापलेल्या झावळीचं ओलं बूड किंवा गेंड्याने पाडलेलं भोक शोधून ती सोंडेने आणखी खोल छिद्र करते, मग फिरते आणि त्या छिद्रात अंडं सोडते. अशी आयुष्यभरात दोन-तीनशे अंडी. अंडी दोन ते पाच दिवसांत फुटतात. बाहेर पडणाऱ्या अळीला पाय नसतात. पाय लागतच नाहीत. सगळीकडे अन्न, वर-खाली अन्न, चालून जायचंच नाही. शरीर आकसत-फुगवत ती स्वतः पोखरलेल्या बोगद्यात पुढे सरकते. शरीर मध्यभागी फुगलेलं, डोकं तपकिरी आणि कठीण, जबडे असे की खोडाला कान लावला तर कुरतडल्याचा आवाज ऐकू येतो. हे अतिशयोक्तीने सांगत नाहीये. निवांत दुपारी, वारा पडलेला असताना, संशय असलेल्या माडाच्या खोडाला कान लावून बघा. याच आवाजावर पुढे यंत्रंही निघाली आहेत. खोडात खुपसलेल्या संवेदकातून अळ्यांचा आवाज टिपायचा, ही पद्धत खजुराच्या बागांमध्ये वापरतात.

साधारण दोन महिन्यांत अळी पुरी वाढते आणि माडाचेच धागे गोल गुंडाळून घट्ट काथ्याचा कोष बांधते. तुमच्या माडात मिळालेल्या काथ्याच्या लांबट गाठी त्याच. कोषातून भुंगा निघतो दोन-तीन आठवड्यांत. अंड्यापासून भुंग्यापर्यंत तीन-चार महिने. म्हणजे वर्षाला तीन पिढ्या सहज, आणि त्याही एकाच माडात, एकीत एक मिसळून. चिरलेल्या माडात तुम्हाला अळ्या, कोष आणि भुंगे एकदमच सापडले, ते यामुळे.

गेंड्याला जे सहा-नऊ महिने लागतात ते याला तीन-चार महिन्यांत कसं जमतं? मऊ, गोड, ओला गाभा खातो, म्हणून. पण गोड गाभ्यातही उणीव असते, विशेषतः काही अमिनो आम्लांची. सोंडकिड्यांच्या या घराण्यात नार्डोनेला नावाचा जिवाणू कोट्यवधी वर्षांपासून पेशींच्या आत राहतो. त्याची जनुकं इतकी झडली आहेत की जवळपास एकच काम उरलंय: टायरोसिन बनवणं. टायरोसिन लागतं कवच काळं आणि कडक व्हायला. २०१७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी चार जातींच्या सोंडकिड्यांतल्या नार्डोनेलाची जनुकं वाचली, त्यांत आपला तांबडा सोंड्याही होता. मला हा तपशील फार आवडतो. गेंड्याने पचनासाठी पोटात जिवाणूंची गिरणी ठेवली, सोंड्याने कवचासाठी एक कारागीर पेशीतच बसवला.

बाहेरून मात्र सोंड्या दिसत नाही, आणि खरी अडचण तीच. माड हिरवागार दिसतो आणि आत पोकळ होत असतो. खोडावरच्या भोकातून तपकिरी, चिकट, आंबूस वासाचा द्रव झिरपतो, भोकाशी चावलेला काथ्या असतो, मधल्या झावळ्या पिवळ्या पडतात, मग शेंडा एका बाजूला कलतो. शेंडा कलला म्हणजे उशीर झाला. पाच ते पंधरा वर्षांच्या माडांकडे जास्त लक्ष ठेवा. खोड अजून मऊ असतं, सोंड्याला तेच आवडतं.

दोघांच्या वासाच्या भाषेतही हाच फरक दिसतो. दोघांतही नर गंध सोडतो आणि त्या गंधावर नर-मादी दोघंही येतात. याला समूह-आकर्षक कामगंध म्हणतात. सोंड्याचा गंध १९९३ मध्ये ओळखला गेला, त्याला फेरुजिनिऑल म्हणतात. गेंड्याचा १९९५ मध्ये, तो इथाइल ४-मिथाइलऑक्टानोएट. बाजारात दोन्हींचे ल्युअर, म्हणजे सापळ्यात ठेवायच्या गंधाच्या पुड्या, मिळतात, आणि दुकानदार कधीकधी "भुंग्याचं ल्युअर" म्हणून एकच पुडी हातात ठेवतो. नाव वाचून घ्या. एकाच्या गंधाला दुसरा येत नाही.

सापळाही एकसारखा चालत नाही. सोंड्याला नुसता गंध पुरत नाही, त्याला जखमी माडाचा, आंबणाऱ्या रसाचा वास सोबत हवा असतो. म्हणून बादलीत ल्युअरबरोबर पिकलेली केळी, उसाचे तुकडे किंवा ताडी-यीस्टचं पाणी ठेवतात आणि आठ-दहा दिवसांनी बदलतात. बादलीला बाहेरून गोणपाट गुंडाळायचा, कारण सोंड्या बादलीजवळ उतरतो आणि चालत वर चढतो. गुळगुळीत प्लॅस्टिकवरून घसरला तर गेला. गेंड्या धाडकन येऊन आदळणारा. त्याच्या सापळ्याला वर उभे पंखे लागतात, त्यांवर आपटून तो आत पडतो. तो रात्री उडतो, दिव्यावरही येतो. सोंड्या मुख्यतः दिवसा उडतो आणि दिव्याची त्याला फारशी फिकीर नसते. म्हणून दिव्याचा सापळा लावून "सोंड्या नाहीच" असा निष्कर्ष काढू नका.

जगात हे दोघं कसे पसरले तेही बघण्यासारखं आहे. दोघांचं मूळ दक्षिण आणि आग्नेय आशियात. गेंड्या १९०९ मध्ये सिलोनहून रबराच्या रोपांबरोबर सामोआला पोचला. रोपं रबराची, माड नव्हेच. त्याची अळी मातीत-खतात असते, त्यामुळे त्याला माड लागलाच नाही. पुढे फिजी १९५३, ग्वाम २००७, हवाई २०१३, सॉलोमन बेटं २०१५. हा प्रवास पॅसिफिकच्या दमट बेटांवरून. सोंड्या गेला उलट दिशेला, आणि जिवंत झाडाच्या पोटात बसून. १९८० च्या दशकाच्या मध्यात तो आखाती देशांत खजुरावर पोचला, नव्वदच्या दशकात इजिप्त आणि स्पेनमध्ये, २००४ मध्ये इटलीत, २००६ मध्ये फ्रान्समध्ये. खजुराचे फुटवे आणि शोभेचे मोठे ताडवर्गीय वृक्ष जहाजातून नेले, आत अळ्या होत्या. बाहेर कडक थंडी असली तरी गाभ्यात ऊब असते, शिवाय आंबण्याची उष्णता असतेच. म्हणून उष्ण प्रदेशातला हा किडा भूमध्य समुद्राच्या हिवाळ्यातही तगला आणि तिथल्या रस्त्यांवरची कॅनरी खजुराची झाडं त्याने ओळीने पाडली. दुबई-मस्कतला राहणाऱ्या मराठी मंडळींनी खजुराच्या बागांत जमिनीत अर्धे पुरलेले डबे पाहिले असतील, ते याचेच. २०१७ च्या मार्चमध्ये रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने फक्त या एका भुंग्यासाठी देशोदेशींचे मंत्री आणि शास्त्रज्ञ बोलावले होते.

गेंड्याच्या बाबतीत मात्र माणसाच्या हाती एक चांगलं हत्यार लागलं. १९६३ मध्ये अलॉइस ह्युगर या जर्मन शास्त्रज्ञाला मलेशियात आजारी अळ्यांमध्ये एक विषाणू सापडला. १९६७ मध्ये तो सामोआत सोडला गेला आणि भुंग्यांची संख्या खूप उतरली. आपल्याकडे कासारगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयला तो वापरला, तिथेही गुण आला. विषाणूचं काम गेंड्याच्या राहणीमुळेच सोपं होतं. लागण झालेला भुंगा लगेच मरत नाही. आतड्यात विषाणू वाढतो, विष्ठेतून बाहेर पडतो, भुंगा खाणं कमी करतो, मादी अंडी घालणं थांबवते, पण काही दिवस तो उडत राहतो आणि शेंड्यांत, ढिगांत रोग नेऊन पसरवतो. सगळे एकाच खतात जमत असल्याने साथ लागते. ग्वाममध्ये २००७ मध्ये सापडलेल्या गेंड्यांवर मात्र हा विषाणू नीट चालत नाही, आणि त्यानंतर पॅसिफिकमध्ये पुन्हा त्यांचं पीक आलंय. सोंड्यासाठी असा पसरत जाणारा रोग आपल्या हातात नाही. त्याच्या अळ्या एकेका माडात कोंडलेल्या, एका माडातली साथ दुसऱ्या माडात जायची कशी?

मेटारायझियम या किडे मारणाऱ्या हिरव्या बुरशीचंही तसंच. शेणखताच्या खड्ड्यात ओल, अंधार आणि अळ्या एकाच जागी, त्यामुळे तिथे ती उत्तम काम करते. खोडाच्या आत खोल बसलेल्या सोंड्याच्या अळीपर्यंत तुम्ही ती पोचवणार कशी, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. तरी "दोन्ही भुंग्यांवर गुणकारी" असं छापलेली पाकिटं विकली जातात.

आता हे दोघं वेगळे असूनही एकमेकांना कसे पोसतात ते सांगतो, कारण तुमच्या बागेत नेमकं तेच चाललंय असा माझा अंदाज आहे. गेंड्या शेंड्यात भोक पाडतो, ओला रस सुटतो, वास पसरतो. त्या वासावर सोंड्या येतो आणि तयार भोकात अंडी घालतो. काही महिन्यांनी माड मरतो. मेलेला माड उभाच राहिला किंवा बांधावर आडवा पडून कुजला की गेंड्याची मादी त्यात अंडी घालते. त्यातून निघालेले गेंडे पुढचे शेंडे पोखरतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-अलिबागकडे माड-पोफळी मोठ्या प्रमाणात पडल्या, आणि लोकांकडे त्या उचलायला पैसा-मनुष्यबळ नव्हतं, हे खरंच. पण अशी पडलेली खोडं दोन पावसाळे तशीच राहिली तर ती गेंड्यांची नर्सरी होते. ग्वाममध्ये २०१५ च्या डॉल्फिन वादळानंतर हेच झालं, पडलेल्या झाडांतून गेंड्यांची मोठी लाट उठली.

म्हणून तुमच्यासाठी क्रम असा. सगळ्यात आधी मोडलेल्या माडाचं खोड. "बांधावर टाकून ठेवलंय" असं तुम्ही लिहिलंय, ते आजच हलवा. चिरून, फोडून, अळ्या-कोष वेचून मारा आणि उरलेलं जाळा. नुसतं तोडून ठेवलं तर आतले सोंडे कोषातून निघून शेजारच्या माडावर जातील.

मग शेजारचे माड तपासा. चिकट द्रव, काथ्या, आवाज, आंबूस वास. एखाद्यात लागण सुरुवातीची वाटली तर खोडात औषध सोडण्याबाबत दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या किंवा रत्नागिरीजवळच्या भाट्येच्या नारळ संशोधन केंद्राच्या माणसाला दाखवून ठरवा. मात्रा इथे लिहीत नाही, माड न बघता लिहिणं बरोबर नाही. आणि औषध दिल्यावर त्या माडाचे नारळ-शहाळी किती दिवस काढायची नाहीत, ते त्यांनाच विचारा.

झावळ्यांबद्दल पाडेल्याला निक्षून सांगा. हिरवी झावळी खोडालगत छाटायची नाही, चार फुटांचा दांडा ठेवूनच तोडायची. कापलेल्या जागेतून सोंड्या शिरला तरी अळी दांडा पोखरत खोडापर्यंत पोचायच्या आत दांडा वाळतो. खोडाला पायऱ्यांसाठी खाचा मारणंही बंद करा. माड चढायला खाचांची सवय असलेल्या जुन्या लोकांना हे पटत नाही, पण शिडी किंवा चढायचं यंत्र वापरायला लावा.

गेंड्यासाठी: शेणखताचा खड्डा पावसाआधी उपसून पसरून टाका, अळ्या कोंबड्या आनंदाने खातात. जो खड्डा ठेवावाच लागतो त्यात मेटारायझियम मिसळा. धाकट्या माडांच्या वरच्या तीन बेचक्यांत दर माडाला २५० ग्रॅम निंबोळी पेंड आणि तेवढीच वाळू मिसळून भरा, वर्षातून तीनदा: मे, सप्टेंबर, डिसेंबर. अगदी लहान रोपांना डांबरगोळ्या बेचक्यात ठेवून वर वाळू टाकली, आणि दीड महिन्याने पुन्हा ठेवल्या, तरी उपयोग होतो. पाडेली चढलाच आहे तर आकडीच्या तारेने शेंड्यातला भुंगा ओढून काढायला लावा, जुना उपाय आहे पण माझ्या मते पहिल्या पाचांत येतो.

सापळे शेवटी, आणि हौसेने नकोत. ल्युअर बाहेरचे भुंगेही ओढून आणतं. म्हणून सापळा बागेच्या मधोमध किंवा माडाच्या खोडाला टांगू नका, धाकट्या माडांपासून लांब, कुंपणाच्या कडेला ठेवा. शेजारी लावत नसतील आणि तुम्ही एकट्यानेच बागेत सहा सापळे लावले तर त्यांचे भुंगे तुमच्याकडे येतील. वाडीतल्या चार-पाच बागायतदारांनी मिळून एकाच आठवड्यात लावा, सोंड्याच्या बादलीतलं केळं-पाणी वेळेवर बदला, आणि कुठल्या सापळ्यात कोणता भुंगा किती पडला ते पाठीमागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवत जा. सोंड्यांचा आकडा अचानक वाढला तर त्या बाजूचा एखादा माड आतून गेलेला आहे असं समजून तपासायला निघा.